मतदारांवर भरवसा नसलेला तीन वेळचा पंतप्रधान

लॉर्ड सॅलिसबरी हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडतं ते बहुधा दादाभाई नौरोजींच्या चरित्रात, आणि तेही एका वाक्यापुरतं. १८८६ मध्ये दादाभाई लंडनच्या होबर्न मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले. दोन वर्षांनी तिथे पोटनिवडणूक लागली. हुजूरपक्षाने, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांनी, जागा राखली, पण मताधिक्य घटलं. ते का घटलं याचा खुलासा पंतप्रधान सॅलिसबरीने एडिंबरोच्या सभेत केला. गेल्या वेळी समोर एक काळा माणूस उभा होता, म्हणून आपलं मताधिक्य फुगलेलं दिसलं. आणि मानवजातीने पूर्वग्रह कितीही मागे टाकले असले तरी ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इथवर आपण पोचलो असू असं मला वाटत नाही.

दादाभाई पारशी. खुद्द सॅलिसबरीपेक्षा ते उजळ आहेत, अशी चेष्टा लंडनमध्ये झाली. तोवर इंग्रजी जनतेला फारसं ठाऊक नसलेलं हे नाव त्या एका वाक्याने घरोघर पोचवलं. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई पाच मतांनी निवडून आले, आणि त्याच निवडणुकीनंतर सॅलिसबरीला पायउतार व्हावं लागलं.

आपल्याकडे गोष्ट इथे संपते. पण ते वाक्य पुन्हा वाचलं तर लक्षात येतं की त्यात दादाभाईंइतकाच अपमान मतदारांचाही आहे. मतदार पूर्वग्रहाने मत देतात आणि देत राहणार, हे तो हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगतो. मतदारांविषयी त्याचं मत आयुष्यभर असंच होतं. तरीही त्याच मतदारांच्या जोरावर तो तीनदा पंतप्रधान झाला आणि एकंदर तेरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिला. हे कसं जमलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण जुने कागद वाचताना इथेच ठेच लागते. लॉर्ड रॉबर्ट सेसिल, लॉर्ड क्रॅनबोर्न आणि लॉर्ड सॅलिसबरी हा एकच माणूस. सेसिल हे घराणं पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळापासून सत्तेच्या जवळचं. त्यांचा हॅटफिल्डचा वाडा १६११ मध्ये उभा राहिला आणि तिथेच ३ फेब्रुवारी १८३० रोजी हा रॉबर्ट जन्मला. वडील सॅलिसबरीचे दुसरे मार्क्वेस. मार्क्वेस ही ड्यूकच्या खालची पायरी. इंग्लंडात किताब आणि इस्टेट वाटली जात नाही, सगळं थोरल्याकडे जातं. मार्क्वेसच्या धाकट्या मुलाने नावाआधी ‘लॉर्ड’ लावायचं ते केवळ मानापुरतं. कायद्याने तो सामान्य माणूसच. थोरला मुलगा वडिलांचा दुय्यम किताब वापरतो, तोही मानापुरताच. म्हणून हे दोघंही हाऊस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढवू शकत. वडील वारले की मात्र थोरला खरा मार्क्वेस होतो, उमरावांच्या सभागृहात जातो आणि कॉमन्सचं दार त्याला बंद होतं.

रॉबर्टच्या आधी एक थोरला भाऊ होता, दृष्टी गेलेला. तो १८६५ मध्ये वारला, तेव्हा रॉबर्ट सेसिलचा लॉर्ड क्रॅनबोर्न झाला. १८६८ मध्ये वडील गेले आणि तो तिसरा मार्क्वेस झाला. पस्तिशीपर्यंत तो वारस नव्हताच. या गोष्टीने त्याला घडवलं असं मला वाटतं, कारण इस्टेटीचा आधार नसलेली ती वर्षं त्याने लेखणीवर काढली.

बालपण सुखाचं नव्हतं. आई लहानपणीच गेली. ईटनच्या शाळेत मुलांनी त्याचा इतका छळ केला की पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला काढून घरी आणलं. पुढे सुटीत लंडनमध्ये असला की शाळासोबती भेटू नयेत म्हणून तो गल्लीबोळांतून चालायचा. ऑक्सफर्डला प्रकृतीने साथ दिली नाही. उमरावपुत्राच्या सवलतीने गणितात मानद चौथी श्रेणी मिळाली. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वर्षांचा समुद्रप्रवास झाला: केप कॉलनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. परत आल्यावर १८५३ मध्ये तो स्टॅम्फर्डचा खासदार झाला. तिथे वजन होतं त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेचं, म्हणून कोणी विरोधात उभंच राहिलं नाही. पुढची पंधरा वर्षंही नाही. कॉमन्समध्ये इतका काळ काढलेल्या या माणसाने एकही लढतीची निवडणूक पाहिली नव्हती.

१८५७ मध्ये त्याने न्यायाधीश एडवर्ड ऑल्डरसन यांच्या मुलीशी, जॉर्जिनाशी लग्न केलं. वडिलांना ही सोयरीक पसंत नव्हती. मुलगी हुशार, पण तोलामोलाच्या घरातली नाही. पैशाची चणचण सुरू झाली आणि लॉर्ड रॉबर्ट सेसिल निनावी लेख लिहून संसार चालवू लागला. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ आणि ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ ही त्याची मुख्य ठिकाणं. त्याचं राजकारण या लेखांतच घडलं. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: मत हे सत्तेचं साधन आहे. ज्यांच्याकडे मालमत्ता नाही अशा बहुसंख्यांच्या हाती सगळी मतं दिली तर ते कर बसवतील आणि अल्पसंख्य मालमत्तावाल्यांनी तो भरायचा. गरीब माणसं दुष्ट असतात असं त्याचं म्हणणं नव्हतं. कोणताही वर्ग, अगदी त्याचा स्वतःचाही, सत्ता मिळाली की ती आपल्याच फायद्यासाठी वापरतो, म्हणून कोणा एकाच वर्गाच्या हाती ती पूर्ण जाऊ नये. अमेरिकेच्या यादवीत त्याची सहानुभूती दक्षिणेकडे होती आणि दक्षिण टिकेल असा त्याचा होरा होता. दोन्ही बाबतींत तो चुकला.

जुलै १८६६ मध्ये पंतप्रधान लॉर्ड डर्बीच्या सरकारात तो भारतमंत्री झाला. वय छत्तीस. हिंदुस्थान त्याने पाहिलेला नव्हता, पुढेही कधी पाहिला नाही. खुर्चीवर बसून आठवडा होतो न होतो तोच लॉर्ड एलनबरो या माजी गव्हर्नर जनरलकडून त्याला इशारा आला की ओरिसात दुष्काळ भयंकर आहे, आत्ताच काहीतरी करा. सॅलिसबरीला, म्हणजे तेव्हाच्या क्रॅनबोर्नला, वाटलं की काही करण्यासारखं असेल तर तिथलं सरकार करेलच. दोन महिने त्याने काहीही केलं नाही. तोवर पावसाळ्याने ओरिसाची बंदरं बंद झाली होती, धान्य पोचवायचा मार्ग उरला नव्हता. सुमारे दहा लाख माणसं मेली.

हे सगळं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे: मी दोन महिने काही केलं नाही, आणि या परिणामाच्या दोषातून आपण मोकळे आहोत असं मला कधीच वाटू शकलं नाही. व्हिक्टोरियन मंत्र्याच्या तोंडी अशी कबुली विरळच. पण तिला एक दुसरी बाजू आहे. ओरिसात मेलेल्या दहा लाखांपैकी एकाचंही मत ब्रिटनमध्ये मोजलं जात नव्हतं. ‘थांबू, पाहू, खालचे लोक बघून घेतील’ हा स्वभाव इंग्लंडच्या राजकारणात त्याची ताकद ठरला. जिथे जाब विचारणारा मतदारच नाही तिथे त्याची किंमत कोणी मोजली, ते ओरिसाने दाखवलं.

सात-आठ महिन्यांत त्याने राजीनामा दिला, तोही आकड्यांवरून. अर्थमंत्री डिझरायली त्या वेळी मताधिकार वाढवायचं विधेयक तयार करत होता. त्यात कामगारांना मतं मिळतील, पण मालमत्तावाल्यांना जादा मतं देऊन तोल राखला जाईल, असं मंत्रिमंडळाला सांगितलं होतं. फेब्रुवारी १८६७ मधल्या एका रविवारी क्रॅनबोर्न आकडेवारी घेऊन बसला आणि एकेका शहराचा हिशेब केला. लहान शहरांत तोल वगैरे काही राहत नाही, हे त्या रात्री त्याच्या लक्षात आलं आणि त्याने डर्बीला पत्र धाडलं. सोमवारी मंत्रिमंडळात एकच धांदल उडाली. घाईघाईत दुसराच मसुदा पुढे केला गेला आणि टिंगलीने त्याचं नाव पडलं ‘दहा मिनिटांचं विधेयक’. मार्चच्या सुरुवातीला क्रॅनबोर्न, कार्नार्व्हन आणि जनरल पील हे तिघं बाहेर पडले. अखेर जो कायदा झाला तो पहिल्या मसुद्यापेक्षाही सैल निघाला आणि मतदारांची संख्या जवळपास दुप्पट झाली. आपल्याच पक्षाने शरणागती पत्करली, असा जळजळीत लेख त्याने लिहिला. डिझरायलीवरचा त्याचा विश्वास उडाला तो बरीच वर्षं परत आला नाही.

इथे एखादा रागावून घरी बसला असता. सॅलिसबरीने वेगळा धडा घेतला. आता मतदार वाढलेच आहेत, ते परत घेता येणार नाहीत, तर वेग कसा कमी करायचा? १८६८ पासून तो उमरावांच्या सभागृहात होता, आणि त्या सभागृहाला कोणी निवडून दिलेलं नाही. मग त्याने निवडून आलेल्यांना कोणत्या तोंडाने अडवायचं? सॅलिसबरीचं उत्तर असं: कॉमन्सचे सभासद दरवेळी जनतेचं मत मांडतातच असं नाही. निवडणुकीत ज्याचा उल्लेखही नव्हता असे मोठे बदल ते मध्येच रेटतात. अशा वेळी उमरावांनी विधेयक अडवावं आणि म्हणावं, जा, लोकांना विचारून या. लोकांनी स्पष्ट कौल दिला की उमरावांनी मुकाट्याने मान तुकवावी.

युक्तिवाद चतुर आहे. मतदारांवर भरवसा नसलेला माणूस अडवण्याचा हक्क मागतो तो मतदारांच्याच नावाने. आणि हा नियम तो स्वतः पाळतही असे. आयर्लंडमधल्या प्रॉटेस्टंट चर्चचा सरकारी दर्जा काढून घ्यायला त्याचा कडवा विरोध होता. पण १८६८ ची निवडणूक त्याच प्रश्नावर झाली आणि लिबरलांचा पुढारी ग्लॅडस्टन जिंकला, तेव्हा १८६९ मध्ये आता अडवू नका, असं सॅलिसबरीनेच उमरावांना सांगितलं.

१८७४ मध्ये मनाविरुद्ध तो डिझरायलीच्या सरकारात पुन्हा भारतमंत्री झाला. ही चार वर्षं आपल्यासाठी महत्त्वाची. एप्रिल १८७५ मध्ये त्याने एक टिपण लिहिलं. हिंदुस्थानचं रक्त काढायचंच आहे, तर नस्तर जिथे रक्त साकळलं आहे किंवा निदान पुरेसं आहे तिथे लावावं, रक्ताअभावी आधीच क्षीण झालेल्या भागाला लावू नये. दादाभाईंनी हे वाक्य पकडलं आणि हिंदुस्थानच्या संपत्तीचा निचरा होतो हे सांगताना ते वारंवार ब्रिटिशांच्या तोंडावर फेकलं. मूळ टिपण वाचलं तर त्याचा रोख शेतकऱ्यावरचा बोजा कमी करण्याकडे दिसतो. जमीनमहसुलावर एवढं विसंबणं बरं नाही, कारण खेड्यांत भांडवलच नाही, असं तो म्हणतो. निदान बरोबर होतं. टिपणाची शाई वाळते न वाळते तोच मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, खतपत्रं जाळली आणि दख्खनचा दंगा पेटला. पण दादाभाईंची पकडही अचूक होती. रक्त काढायचं की नाही, हा प्रश्न त्या टिपणात कुठेच नाही. ते गृहीत धरलेलं आहे.

त्याच काळात मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या दबावाखाली, हिंदुस्थानात येणाऱ्या सुती कापडावरची जकात उठवा, असा त्याने आग्रह धरला. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कुठे उभ्या राहत होत्या. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकचं यावरून त्याच्याशी बिनसलं आणि १८७६ मध्ये नॉर्थब्रुक गेला. सनदी नोकरीच्या परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचा निर्णयही त्याचाच. परीक्षा लंडनला. म्हणजे इथल्या मुलाने सतरा-अठराव्या वर्षी समुद्र ओलांडून इंग्रज मुलांशी त्यांच्याच भाषेत झुंजायचं. याविरुद्ध सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी देशभर दौरे केले आणि वेगवेगळ्या प्रांतांतले शिकलेले लोक प्रथमच एका मागणीवर एकत्र आले. काँग्रेसची पूर्वतयारी जिथे झाली असं म्हणतात त्यात हा लढा येतो. गंमत अशी की मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत डिसेंबर १८८५ मध्ये काँग्रेस भरली तेव्हा लंडनमध्ये पंतप्रधान होता सॅलिसबरी.

१८७७ मध्ये त्याने व्हाइसरॉय लिटनला लिहिलेल्या पत्रातलं एक वाक्य इंग्रजीत अजून उद्धृत होतं. तज्ज्ञांवर कधीच भरवसा ठेवू नये, असं सांगून तो म्हणतो: डॉक्टरांचं ऐकलं तर काहीच आरोग्याला बरं नाही, धर्मशास्त्र्यांचं ऐकलं तर काहीच निष्पाप नाही, सैनिकांचं ऐकलं तर काहीच सुरक्षित नाही. रशिया हिंदुस्थानावर चालून येईल या भीतीने लष्करी मंडळी घायकुतीला आली होती, त्यांच्यासाठी त्याचा आणखी एक सल्ला होता: जरा मोठे नकाशे वापरा. छोट्या नकाशावर बोट ठेवलं की पीटर्सबर्ग आणि हिंदुस्थान शेजारी वाटतात.

१८७८ मध्ये परराष्ट्रमंत्री होऊन तो बर्लिनच्या परिषदेला गेला, रशियाला मागे रेटून आला, आणि डिझरायलीशी त्याचं अखेर जमलं. १८८१ मध्ये डिझरायली वारला. ग्लॅडस्टन सत्तेवर होता आणि हुजूरपक्ष हवालदिल. मग आलं १८८४.

ग्लॅडस्टनने खेड्यांतल्या शेतमजुरांना मत देणारं विधेयक आणलं. सगळ्यांना वाटलं, सॅलिसबरी आडवा पडणार. तो पडलाही, पण त्याची मागणी वेगळीच होती: मतदार वाढवा, हरकत नाही, मतदारसंघांची फेररचना मात्र आधी ठरवा. नोव्हेंबरमध्ये दोन्ही पक्षांचे पुढारी डाउनिंग स्ट्रीटवर आणि सॅलिसबरीच्या आर्लिंग्टन स्ट्रीटवरच्या घरी चहाला बसले आणि इंग्लंडचा नकाशा नव्याने आखला गेला. ग्लॅडस्टनच्या बाजूने चार्ल्स डिल्क नकाशे मांडायचा. सॅलिसबरी रेषा बदलण्यात इतका रमला की पलीकडच्यांनाच नवल वाटलं.

तोवर बहुतेक मोठ्या शहरांत अख्ख्या शहराला मिळून दोन किंवा तीन खासदार असत. कारखान्यातल्या मजुरांच्या मतांत वकील, डॉक्टर, दुकानदार, कारकून यांची मतं बुडून जायची. सॅलिसबरीचं म्हणणं, शहराचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला एक खासदार. आगगाडीमुळे मध्यमवर्ग आता शहराबाहेरच्या छोट्या बंगल्यांत राहायला जात होता. त्या उपनगरांचे स्वतंत्र मतदारसंघ झाले की ते कोणाला मत देतील? चार पैसे गाठीला बांधलेला, घराचा हप्ता भरणारा माणूस. हा वर्ग हुजूरपक्षाकडे वळतो आहे, हे सॅलिसबरीने दोन-तीन वर्षं आधीच हेरलं होतं. लिबरलांना वाटत होतं आपण लोकशाही वाढवली. मतदार ५० लाखांच्या पुढे गेले, ते खरंच. पण पुढच्या वीस वर्षांतली बहुतेक वर्षं राज्य हुजूरपक्षाने केलं. बायकांना मत मिळायला अजून काही दशकं होती, तरी पक्षाच्या प्रिमरोझ लीगने त्यांना कामाला लावलं: चहापान, जत्रा, सभासदांना सरदार आणि सरदारीण असे खोटे किताब. दहा लाखांवर माणसं त्यात आली. उमरावी थाटाची हौस सामान्य माणसालाही असते, हे या पक्षाला नेमकं कळलं होतं.

नशिबाचीही साथ मिळाली. १८८६ मध्ये ग्लॅडस्टनने आयर्लंडला स्वराज्य देण्याचं विधेयक आणलं आणि लिबरल पक्ष उभा फुटला. फुटून निघालेले जोसेफ चेंबरलेन आणि हार्टिंग्टन सॅलिसबरीच्या कच्छपी लागले. स्वराज्याविरुद्ध बोलताना सॅलिसबरीने लंडनच्या सभेत सांगितलं की प्रातिनिधिक राज्य सगळ्यांच्याच कुवतीचं नसतं. आफ्रिकेतल्या हॉटेंटॉट लोकांपासून सुरुवात करून हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत त्याने उतरंड लावली. अपमान आयरिश लोकांचा करायचा होता. वाटेत आपणही सापडलो.

सत्तेत आल्यावर त्याने केलं काय? कायदे फारसे नाहीत, पण जे केले ते टिकले. १८८८ मध्ये जिल्ह्यांना निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल, १८९१ मध्ये प्राथमिक शिक्षण फुकट, १८९७ मध्ये कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई. गरिबांच्या कोंदट घरांवर त्याने १८८३ मध्ये लेख लिहिला आणि त्यातून चौकशी आयोग बसला, तेव्हा त्याचे स्वतःचे मित्रच म्हणाले की हा समाजवादी झाला. पुतण्या-भाचे, जावई यांना मंत्रिपदं वाटायलाही तो मागेपुढे पाहत नसे. मंत्रिमंडळाला लोक ‘हॉटेल सेसिल’ म्हणायचे. भाचा आर्थर बाल्फर तर पुढे त्याच्याच जागी पंतप्रधान झाला.

त्याचं खरं मन परराष्ट्र खात्यात. पंतप्रधान असताना बहुतेक काळ ते खातं त्याच्याचकडे असे आणि राहायला तो डाउनिंग स्ट्रीटवर न जाता स्वतःच्या घरी. आफ्रिकेची वाटणी त्याच्या काळात, बरीचशी त्याच्या टेबलावर झाली. १८९० मध्ये जर्मनीला उत्तर समुद्रातलं हेलिगोलँड बेट देऊन झांझिबारवर हक्क घेतला; फ्रान्सला सहारा सोडला आणि ती जमीन ‘फार हलकी’ आहे असा शेतकऱ्याच्या भाषेत टोमणा मारला. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालला अंगोला ते मोझांबिक पट्टा जोडायचा होता, त्याला निर्वाणीचा खलिता धाडून गप्प केलं. त्याच वर्षी आफ्रिकेतला साम्राज्यवादी खाणमालक ऱ्होड्स याच्या माणसांनी माशोनालँडमध्ये ठाणं वसवलं आणि त्याला फोर्ट सॅलिसबरी नाव दिलं. तेच आजचं हरारे, झिम्बाब्वेची राजधानी.

माणूस म्हणून तो मोठा मजेशीर. सहा फूट चार इंच उंची, पोक काढलेली, छातीवर दाढी, नजर अधू. ओळखीची माणसं ओळखायचा नाही. एकदा दरबारी पोशाख भलताच घालून गेला, प्रिन्स ऑफ वेल्स संतापला, तर म्हणाला: सकाळी अंधार होता, आणि माझं मन याहून कमी महत्त्वाच्या एखाद्या विषयात गुंतलं असावं. उतारवयात व्यायामासाठी तीनचाकी सायकल चालवायचा. घरात त्याची रसायनाची प्रयोगशाळा होती. जुन्या व्यवस्थेचा हा राखणदार नव्या यंत्रांचा मात्र भोक्ता. १८८० च्या सुमारास हॅटफिल्डमध्ये विजेचे दिवे लागले, इंग्लंडातल्या खासगी घरांत अगदी पहिल्यांपैकी. तारा उघड्याच होत्या. त्या धरल्याने बागेतला एक माणूस दगावला. लांब दालनाच्या लाकडी छतावर तारेने पेट घेतला की घरची मंडळी खालून उशा फेकून ज्वाळा विझवत आणि पुन्हा गप्पांना लागत.

१८९३ मध्ये ग्लॅडस्टनने आयरिश स्वराज्याचं विधेयक पुन्हा आणलं. कॉमन्समध्ये ते ३४ मतांनी निघालं. उमरावांनी ते ४१९ विरुद्ध ४१ असं फेकून दिलं. देश पेटला नाही. १८९५ ची निवडणूक सॅलिसबरीने मोठ्या बहुमताने जिंकली. लोकांना विचारून या, हा त्याचा डाव लोकांनीच खरा करून दाखवला.

तिसरी कारकीर्द सर्वात झगमगीत आणि, मला वाटतं, सर्वात पोकळ. २२ जून १८९७ ला राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा झाला. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या समारंभातून परतताना प्लेग अधिकारी रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली आणि महिन्याभरात टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. हिंदुस्थानचा कारभार तेव्हा भारतमंत्री हॅमिल्टनकडे होता. १८९९ मध्ये सॅलिसबरीचा जुना चिटणीस कर्झन व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्याला पोचला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. वसाहतमंत्री चेंबरलेन आणि तिथला उच्चायुक्त मिल्नर यांनी ते ओढवलं आणि सॅलिसबरीने थांबवलं नाही. नोव्हेंबरात जॉर्जिना गेली. त्यानंतर तो खचला. जुलै १९०२ मध्ये युद्ध संपल्यावर त्याने पद सोडलं आणि २२ ऑगस्ट १९०३ रोजी हॅटफिल्डलाच तो वारला. राणीने देऊ केलेलं ड्यूकपद त्याने मागेच नाकारलं होतं. तो थाट परवडणार नाही म्हणाला.

१९०६ मध्ये पक्षाचं पानिपत झालं. मग त्याच्या वारसांनी त्याच्या सिद्धांतातला अर्धाच भाग लक्षात ठेवला: अडवायचा. १९०९ मध्ये उमरावांनी अर्थसंकल्प अडवला, १९१० मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि १९११ मध्ये त्यांचा नकाराधिकार काढून घेणारं विधेयक आलं. लोकांचा कौल दोनदा येऊनही ११४ उमरावांनी विरोधात मत दिलं. विधेयक १३१ विरुद्ध ११४ असं निघालं. शेवटपर्यंत लढणाऱ्यांच्या पुढाऱ्यांत चौथा मार्क्वेस होता, सॅलिसबरीचा थोरला मुलगा. दुसऱ्या एका मुलाने, रॉबर्टने, राष्ट्रसंघासाठी हयात वेचली आणि १९३७ चं शांततेचं नोबेल मिळवलं.

उरलेला अर्धा भाग नातवाच्या कामी आला. १९४५ मध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला तेव्हा उमरावांत हुजूरपक्षाचा नेता होता तेव्हाचा लॉर्ड क्रॅनबोर्न, वडील हयात असतानाच खास फर्मानाने त्या सभागृहात घेतलेला, पुढचा पाचवा मार्क्वेस. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात जे होतं त्याला लोकांनी संमती दिली आहे, ते उमरावांनी पाडू नये, असं त्याने ठरवून घेतलं. हा संकेत ‘सॅलिसबरी संकेत’ म्हणून ब्रिटिश संसदेत अजून चालतो. हिंदुस्थानला स्वातंत्र्य देणारं विधेयक जुलै १९४७ मध्ये उमरावांच्या सभागृहातून मंजूर झालं तेव्हा समोरच्या बाकांवर विरोधी पक्षनेता म्हणून हाच नातू बसला होता.